पुढाऱ्याच्या शब्दाची हिशेबपट्टी



बाजारात कापसाची गाडी रिकामी झाली की हातात हिशेबपट्टी पडते. वजन, भाव, हमाली, तोलाई, कट्टी, सारे तीत मांडलेले असते. क्विंटलमागे दोन रुपये जास्त कापले तरी आपण भांडतो, आणि भांडलेच पाहिजे. पण पाच वर्षांतून एकदा आपण सगळ्यांत मोठा सौदा करतो, तो मताचा. माल आधी देऊन मोकळे होतो. चुकारा पुढे पाच वर्षांत यायचा असतो. त्या सौद्याची हिशेबपट्टी मागायची रीत मात्र गावात पडलेली नाही.

पुढारी खोटे बोलतात, हे सांगायला संपादकीय लिहिण्याची गरज नाही. पारावर, एस. टी. स्टँडवर, जिनिंगच्या फाटकासमोरच्या रांगेत, कुठेही दहा माणसे जमली की पहिली शिवी पुढाऱ्याला पडते. राग खरा आहे आणि त्याला कारणेही आहेत. प्रश्न एवढाच, की इतका राग असूनही तो पुढाऱ्याच्या अंगाला का लागत नाही?

कारण हा राग तीन वाटांनी वाहून जातो. पहिली वाट जातीची. आपल्या जातीच्या पुढाऱ्याने फसवले तर ती त्याची अडचण, दुसऱ्याच्या जातीच्याने फसवले तर ती लबाडी. दुसरी वाट विरोधी पक्षाची. याने फसवले म्हणून त्याला निवडायचे, त्याने फसवले की पुन्हा याला. तिसरी वाट ‘सगळे सारखेच’ म्हणून हात झटकण्याची. ही तिसरी वाट सर्वांत घातक. सगळेच सारखे ठरले की चोराची चोरी झाकली जाते आणि खऱ्याच्या खरेपणाला किंमत उरत नाही. लबाड पुढाऱ्याला याहून सोयीचे ते काय?

आता काही नोंदी पाहू. पक्षाचा रंग बाजूला ठेवा, फक्त शब्द आणि तारीख पाहा.

२००४ सालची विधानसभा निवडणूक तोंडावर आली आणि राज्यात शेतीपंपाची वीज मोफत झाली. निवडणूक पार पडली, सरकार पुन्हा त्याच आघाडीचे आले, आणि २००५ मध्ये मोफत वीज बंद झाली. तिजोरीत पैसा नव्हता, असे कारण देण्यात आले. तिजोरी २००४ मध्ये भरलेली होती आणि वर्षभरात रिकामी झाली, असे काही घडले नव्हते. पैसा नव्हता हे घोषणेच्या दिवशीही ठाऊक होते.

२००८ मध्ये केंद्राने देशभर कर्जमाफी जाहीर केली. तिच्यात रेघ मारली २ हेक्टरची, म्हणजे ५ एकराची. कालव्याखालचे ५ एकर आणि पावसाच्या भरवशावरचे ५ एकर एकाच काट्यावर तोलले गेले. ७-८ एकर कोरडवाहू पऱ्हाटीवाला ‘मोठा शेतकरी’ ठरला. आधी पाऊण कर्ज भर, मग पाव सूट मिळेल, असे त्याला सांगण्यात आले. पुढे २०१३ मध्ये महालेखापालांनी या योजनेच्या तपासणीचा अहवाल मांडला. माफी मिळालेली जी खाती त्यांनी तपासली, त्यांतली साडेआठ टक्के अपात्रांची निघाली. ज्यांना काही मिळाले नव्हते अशांच्या तपासलेल्या खात्यांपैकी १३ टक्क्यांहून जास्त शेतकरी पात्र असूनही वगळलेले होते.

२०१४ च्या लोकसभा निवडणुकीत भाजपच्या जाहीरनाम्यात उत्पादनखर्चावर किमान ५० टक्के नफ्याची हमी होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याच सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले, की खर्चावर ५० टक्के देणे शक्य नाही, त्याने बाजार बिघडेल. १ फेब्रुवारी २०१८ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री अरुण जेटली यांनी सांगितले, की रब्बीच्या बहुतेक पिकांना दीडपट भाव दिलेलाच आहे आणि आता खरिपालाही देणार. जे २०१५ मध्ये अशक्य होते ते २०१८ मध्ये कसे जमले? खर्चाची व्याख्या बदलून जमले. हातातून गेलेला पैसा आणि घरच्या माणसांची मजुरी तेवढी धरली. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज गाळले. वजन वाढत नसेल तर माप लहान करायचे, ही अडत्याची जुनी युक्ती आता दिल्लीलाही येते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेसाठी महायुतीने कर्जमाफीचा शब्द दिला. २८ मार्च २०२५ रोजी राज्याच्या अर्थमंत्र्यांनी शेतकऱ्यांना सांगितले, की ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरा. शब्द द्यायला आणि तो मोडायला मधे पाच महिनेही लागले नाहीत. त्या भरवशावर ज्याने हप्ता थांबवला तो थकबाकीदार झाला. त्याची पत गेली, पुढच्या पेरणीचे कर्ज अडले. शब्द देणाऱ्याची पत मात्र होती तिथेच राहिली.

इथेच खरी मेख आहे. शेतकऱ्याचा शब्द कागदावर असतो. सातबाऱ्यावर बोजा असतो, बँकेत सही असते, ३१ मार्च ही तारीख असते. शब्द चुकला की नोटीस घरी येते. पुढाऱ्याच्या शब्दाला सही नाही, तारीख नाही, तारण नाही. सीसीआयच्या केंद्रावर कापसात १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा भरला तर गाडी परत पाठवतात. पुढाऱ्याच्या भाषणातला ओलावा मोजायचे यंत्र कोणत्या केंद्रावर आहे?

कायदाही इथे फारसा कामाचा नाही. जाहीरनाम्यातले आश्वासन हा निवडणूक कायद्यातला भ्रष्टाचार ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०१३ च्या निकालात सांगितले. त्यानंतर २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने आचारसंहितेत भर घातली, की आश्वासनामागचे कारण द्यावे आणि पैसा कुठून आणणार तेही ढोबळपणे सांगावे. ‘सांगावे’ एवढेच. सांगितले नाही म्हणून कोणाची उमेदवारी जात नाही. निवडून दिलेला आमदार-खासदार मुदतीआधी परत बोलावण्याचा अधिकार मतदाराला नाही. २०१३ पासून ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण आले, पण त्या बटणाला सर्वांत जास्त मते पडली तरी आमदार-खासदारकीच्या निवडणुकीत उरलेल्यांपैकी पहिला निवडून येतोच.

शब्द मोडणे हा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार त्याहून लपलेला आहे. एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचे. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये, बोंडे फुटायच्या आधीच, बाहेरून येणाऱ्या कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ झाले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे नेमके वेचणीचे आणि विक्रीचे महिने. मार्च २०१२ मध्ये कापसाच्या निर्यातीवर बंदी घालून आठवड्याभरात ती उठवावी लागली होती, तेव्हा सरकार दुसऱ्या पक्षाचे होते. जुन्या माणसांना १९७२ पासून चाललेली कापूस एकाधिकार खरेदी आठवत असेल. तिचे नाव शेतकऱ्याचे संरक्षण आणि व्यवहार असा, की स्वतःच्या शेतातला कापूस राज्याबाहेर नेऊन विकणारा गुन्हेगार.

या काढून घेण्याची बेरीजही झालेली आहे. ओईसीडी आणि इक्रिअर या संस्थांनी २०१८ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, निर्यातबंदी आणि बाजारातली बंधने यांमुळे २००० ते २०१६ या काळात भारतातल्या शेतकऱ्याच्या ढोबळ उत्पन्नावर सरासरी १४ टक्क्यांची कात्री लागली, आणि ती अनुदाने जमेस धरून. शेतकऱ्याला सरकार पोसते असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. ज्याच्या हाती भावाची किल्ली आहे त्यालाच भावाचे आश्वासन देता येते. किल्ली जितकी त्याच्याकडे, तितकी खोटे बोलायला जागा जास्त. म्हणून ‘आम्हाला द्या’ या मागणीआधी ‘आमच्या बाजारातून हात काढा’ ही मागणी येते. जे पुढाऱ्याच्या हातात नाही त्याबद्दल त्याला खोटेही बोलता येणार नाही.

आता एक कडू गोष्ट. खोट्याला बाजार आहे, कारण गिऱ्हाईक आहे. सभेत एक उमेदवार म्हणतो, ‘सातबारा कोरा करतो.’ टाळ्या पडतात. दुसरा म्हणतो, ‘एवढा पैसा नाही, निर्यातबंदी येऊ देणार नाही, एवढेच सांगू शकतो.’ त्याच्या सभेला माणसे थांबत नाहीत. खरे ‘नाही’ म्हणणाऱ्याला आपण पाडतो आणि खोटे ‘हो’ म्हणणाऱ्याला हार घालतो. मग पेरले तेच उगवते. लबाडाघरचे आवतण जेवल्याशिवाय खरे नाही, ही म्हण आपल्याच आज्याची आहे. ती लग्नकार्यात आठवते आणि निवडणुकीत विसरते.

मग करायचे काय? राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटन नावाची संघटना आहे. तिचा विचार आपल्यापेक्षा वेगळा आहे, पण तिने केलेले एक काम शिकण्यासारखे आहे. २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावी तिने जनसुनवाई भरवली. सरकारी कामाची हजेरीपत्रके गावासमोर मोठ्याने वाचली. कोणाचे नाव, किती दिवस, किती पैसे. जे कामावर गेलेच नव्हते त्यांची नावे निघाली. कोणी दगड मारला नाही, शिवी दिली नाही, फक्त कागद वाचला. पुढे हाच धागा २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यापर्यंत गेला. संतापाने जे झाले नसते ते वाचनाने झाले.

आपणही वाचू या. प्रत्येक गावात एक वही घाला. पाच रकाने पुरेत. कोण बोलला, कोणत्या तारखेला आणि कुठे, नेमके काय शब्द, मुदत कोणती, आणि काय झाले. वहीत ऐकीव गोष्ट लिहायची नाही. जाहीरनाम्याची प्रत, वर्तमानपत्राचे कात्रण, शासन निर्णयाचा क्रमांक, यांपैकी काही चिकटवल्याशिवाय नोंद करायची नाही. कागद मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. पाळलेला शब्दही लिहायचा. पुढाऱ्याने सांगितलेला रस्ता केला असेल तर तो जमेच्या बाजूला मांडा. खोटी हिशेबपट्टी आपण अडत्याची चालवून घेत नाही, तशी आपलीही चालवून घ्यायची नाही.

वही मायबहिणींच्या हाती द्यावी, अशी आमची सूचना आहे. कोणत्या वेचणीला किती कापूस आला, ज्वारीची किती पोती घरात राहिली, सावकाराचे किती फिटले, हे घरात तिलाच तोंडपाठ असते. पुढाऱ्याच्या चहाला ती जात नाही, म्हणून तिची भीडही कमी.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर, या दिवशीच्या ग्रामसभेत ती वही वाचायची. उमेदवार गावात आला की हाराआधी वही पुढे करायची. मागच्या नोंदींचे उत्तर द्या, नवा शब्द द्यायचा असेल तर तारीख आणि पैशाची वाट सांगा, खाली सही करा. सही करणार नसेल तर तेही शेवटच्या रकान्यात लिहा. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपुरात शेतकरी रस्त्यावर बसले, तेव्हा कर्जमाफीच्या निर्णयाला ३० जून २०२६ ही तारीख सरकारकडून निघाली. त्याआधी ‘योग्य वेळी’ एवढेच ऐकायला मिळत होते. तारीख म्हणजे काही माफी नव्हे. पण तारीख लागली की शब्द काट्यावर ठेवता येतो.

या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपली निदान पहिली पाच पाने भरून आणावीत. भाषणे कमी ठेवू आणि वह्या वाचू. एका गावाची वही पुढारी हसण्यावारी नेईल. शंभर गावांच्या वह्यांत एकाच शब्दापुढे ‘पाळला नाही’ असे लिहिलेले दिसले, तर पुढच्या सभेत तोंड उघडण्यापूर्वी तो विचार करील. तेवढा विचार त्याला करायला लावणे, हे कोणत्याही पक्षाचे नाही, आपले काम आहे.