झोळी घेताना आधी आपलं वजन सांगा

वजनाचा हिशोब आम्हा सीमाभागातल्या सदलगेकरांना कुणी शिकवायला नको. ऊस कारखान्याच्या काट्यावर चढला की एकेका किलोवरून वाद होतो, आणि भरल्या ट्रॉलीची, रिकाम्या ट्रॉलीची पावती माणूस जपून ठेवतो. तोच माणूस डोंगरात मुक्कामाला जायचं म्हणून हॅमॉक, म्हणजे दोन झाडांना बांधायची कापडी झोळी, घ्यायला जातो तेव्हा रंग बघतो, किंमत विचारतो आणि "दोनशे किलोपर्यंत चालतंय" एवढ्यावर पैसे मोजतो. त्याचं स्वतःचं वजन दुकानदार विचारत नाही आणि तोही सांगत नाही.

माझं वजन ९६ किलो. राधानगरीकडं भटकंतीची तयारी सुरू झाली की मी दुकानात ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

झोळीत निजल्यावर पट्ट्यांवर किती ताण येईल, हे त्या कशा बांधल्यात त्यावर अवलंबून असतं. पट्टी आडव्या रेषेशी ३० अंशांत उतरत असेल तर प्रत्येक बाजूला माझ्या वजनाइतकाच, ९६ किलोंचा ताण येतो. हौसेनं तीच झोळी ताठ ओढून १० अंशांवर आणली, तर प्रत्येक टोकाला पावणेतीनशे किलो. माणूस तोच, झाडंही तीच. धपकन बसलात तर आणखी वाढ. म्हणून नुसता "२०० किलो" हा आकडा अपुरा आहे. तो झोळीचा की पट्ट्यांचा, किती अंशांत बांधून धरलेला, स्थिर वजनाचा की झोके घेतानाचा, हे पाकिटावर मराठीत आणि कन्नडमध्ये छापलं पाहिजे. तोवर अंश मोजायला हात आहेच: तर्जनी आडवी, अंगठा तिच्याशी काटकोनात ताणलेला. दोन्ही टोकं जोडणारी रेघ साधारण ३० अंशांची.

कापडाचं तर आम्हाला सहज कळावं. यंत्रमागांची इचलकरंजी शेजारीच आहे. डेनियर म्हणजे धाग्याची जाडी, पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, हे शब्द इथं चहाच्या गाड्यावर ऐकू येतात. पातळ नायलॉन पाठीवर वाहायला हलकं, पण जड अंगाखाली ते ताणलं जातं आणि मध्यरात्री कंबर खाली जाते. पन्नास-पंचावन्न किलोच्या माणसाला ते पुरतं. त्यानं जाड कापडाचं ओझं उगाच का वाहावं? माझ्यासारख्यानं मात्र जाड किंवा दुपदरी कापड घ्यावं. दोन पदरांतून डासाची सोंडही सहसा पोचत नाही, आणि दूधगंगेच्या काठी निजणाऱ्याला ही गोष्ट छोटी नाही. सहा फुटांच्या माणसाला लांबी ११ फुटांच्या आसपास हवी, म्हणजे तिरकं निजता येतं आणि पाठ सपाट राहते. "डबल" झोळीचा मोठा पन्हा माझ्या मते अशा तिरक्या निजण्यासाठीच घ्यावा. दोघांनी निजायचं असेल तर दोघांचं वजन मिळवून बघा.

ऊसतोडीला आलेली बाई बांधावरच्या बाभळीला जुन्या साडीची झोळी बांधते, तेव्हा पोराला आत घालण्याआधी दोन्ही हातांनी साडी दाबून बघते, गाठ सरकते का ते पाहते. पोर वाढलं की तीच साडी दुपदरी करते. अंगाप्रमाणं कापड, एवढंच ती करते, आणि आपण हजारभर रुपये देऊन ते करत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पट्टी पॉलिएस्टरची असावी, नायलॉनची रात्रीत ताणली जाते. रुंदी किमान एक इंच, नाहीतर झाडाची साल कापली जाते. झाड आंब्याचं, चिंचेचं, जिवंत आणि मांडीइतकं जाड. शेवग्याला बांधूच नका, त्याचं लाकूड ठिसूळ. झोळी खुर्चीच्या उंचीवर ठेवा. आणि विकत घेताना ती दुकानात पूर्ण उलगडायला लावा: दोन्ही टोकांची शिलाई नखानं ओढून बघा, टेप लावून लांबी मोजा. उलगडू देत नसतील तर दुसरं दुकान गाठा.