तुमचं ते नैराश्य, आमचा तो बुडालेला धंदा

लॉकडाऊनवरच्या चित्रांचं एक प्रदर्शन पाहून आलो. खिडकी, खिडकीत कुंडी, खाली रिकामा रस्ता. पुन्हा खिडकी. एका चित्राशेजारच्या मजकुराचा अर्थ असा, की माणूस माणसापासून पहिल्यांदाच तोडला गेला.

पहिल्यांदाच?

अंतर ठेवा, शिवू नका, भांडं वेगळं ठेवा. मार्च 2020 मध्ये हे ज्यांना नवं वाटलं त्यांना वाटो. माझ्या आजीनं अर्धं आयुष्य ओंजळीत वरून ओतलेलं पाणी प्यायलं. जागतिक आरोग्य संघटना त्याच महिन्यात 'सोशल' सोडून 'फिजिकल डिस्टन्सिंग' म्हणू लागली. आपल्या टीव्हीवाल्यांच्या जिभेला मात्र 'सोशल' कधी टोचलंच नाही.

त्या चित्रकारांना दुःख झालं नसेल असं मी म्हणत नाही. पण त्यांच्या एकांताला निदान खिडकी होती. माझ्या मामाची खोली दहा बाय बाराची आणि माणसं सहा. त्याला एकट्यानं रडायलाही जागा नव्हती.

मामा भीमगीतं गातो, त्याची गायन पार्टी आहे. 14 एप्रिलपासून मे संपेपर्यंत वस्त्यावस्त्यांतून कार्यक्रम, कधी सुरत, कधी इंदूर. वर्षाची कमाई या दीड महिन्यात होते. 2020 मध्ये सगळ्या सुपाऱ्या रद्द झाल्या. जयंती घरातच करा म्हणाले, केली. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर येऊ नका म्हणाले, गेलो नाही. आमच्या लोकांच्या त्या शिस्तीचं चित्र कुठल्या भिंतीवर दिसलं नाही, ते एक असो.

त्या जयंतीच्या रात्री पोरांच्या आग्रहाखातर मामा मोबाइलसमोर लाइव्ह बसला. पेटी काढली, ध्रुवपद गायला आणि कोरसच्या जागी सवयीनं थांबला. कोरस कुठला असणार? ढोलकीवाला कल्याणला, झीलवाले आपापल्या घरी अडकलेले. नुसता पेटीचा सूर वाजत राहिला. स्क्रीनवर लाल बदाम उडत होते. दुसऱ्या कडव्यानंतर त्यानं भाता बंद केला, तो पुढे दीड वर्ष उघडला नाही.

'कलेनं आम्हाला तारलं' असं म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं. तुमची कला एकट्यानं, दार लावून करता येते. आमची कला समोर माणसं बसल्याशिवाय होतच नाही. ज्या एकांतानं तुम्हाला विषय दिला, त्यानं मामाचं गाणंच काढून घेतलं. तुमची झोप उडाली तर समुपदेशक, वेबिनार, 'मानसिक आरोग्य'. मामा रात्र रात्र छताकडे बघत पडायचा, तर लोक म्हणाले, धंदा बुडाला बिचाऱ्याचा.

जूनमध्ये तो एका कंत्राटदाराकडे औषधफवारणीच्या कामाला लागला. आपल्यामुळे घरात रोग नको म्हणून पोटमाळ्यावर झोपायचा. जेवणाचं ताट मामी शिडीच्या पायरीवर ठेवायची आणि मागे सरायची. खरं विलगीकरण बघायचंच असेल तर ते होतं. तिथे खिडकी नव्हती.

मामाकडे सुपाऱ्यांची वही आहे. 2020 च्या पानांवर तारीख, वस्तीचं नाव, आगाऊ घेतलेली रक्कम, आणि प्रत्येक ओळीवर लाल रेघ. लॉकडाऊनवरचं याहून खरं चित्र मी पाहिलेलं नाही. परवा त्याला विचारलं, प्रदर्शनाला देशील का?

म्हणाला, "नको रे. अजून दोघांचा ॲडव्हान्स फेडायचाय, वही लागते."