वजनात न बसलेली पोरं

रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम २०२५ च्या जूनमध्ये अंधेरीच्या शहाजी राजे क्रीडा संकुलात झाला. सहा संघ, ३४ सामने, पंधरा दिवस. डोंबिवलीकराला तिथं पोहोचणं मुळीच अवघड नाही. घाटकोपरला उतरायचं, मेट्रो धरायची आणि आझाद नगरला बाहेर पडायचं. तरीही आमच्या लोकलच्या डब्यात त्या पंधरवड्यात रग्बीचा विषय निघालेला मी ऐकला नाही. अंतिम सामन्यात चेन्नई बुल्सनं दिल्ली रेड्झला ४१-० असं अक्षरशः लोळवलं. घरच्या मैदानावर खेळणाऱ्या मुंबई ड्रीमर्सना मात्र पहिल्या चारांतही येता आलं नाही. आता पुढच्या हंगामाची चर्चा सुरू झाली की पहिला प्रश्न हमखास येणार: यंदा मुंबई बाहेरून कोणाला आणणार?

माझ्या मते हा प्रश्नच चुकीच्या दिशेला बघतो. या लीगमध्ये संघ १३ जणांचा असतो. पाच नामवंत परदेशी खेळाडू, तीन हाँगकाँग, कॅनडा, जर्मनी अशा मधल्या फळीतल्या देशांचे आणि पाच भारतीय. परदेशी खेळाडू सगळे संघ एकाच यादीतून निवडतात. फिजी, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना इथले उत्तम गडी सहा जणांत वाटले जातात. प्रशिक्षकाच्या बाबतीतही मुंबई कमी पडली नव्हती. त्यांचे प्रशिक्षक टिम वॉल्श यांनी २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या महिलांना सुवर्णपदक मिळवून दिलं होतं. तेव्हा परदेशी बाजू सगळ्यांची जवळपास सारखी धरली, तर फरक पडणार तो उरलेल्या पाच जागांवर. त्या पाच जागांसाठी मुंबईनं सायनच्या पुढे यावं, ठाण्याला उतरावं, खाडी ओलांडावी आणि तिथून कल्याणपर्यंत यावं, एवढंच मला सांगायचं आहे.

इथं काय आहे? इथं कबड्डी आहे. ठाण्याचं श्री मावळी मंडळ १९२५ पासून उभं आहे. दिवा, मानपाडा, निळजे, कोन या पट्ट्यातल्या आगरी गावांत थंडी सुरू झाली की रात्रीचे सामने सुरू होतात. गावच्या मैदानावर प्रखर दिवे, माती चाळून, पाणी मारून बसवलेलं क्रीडांगण, बाजूला ध्वनिक्षेपकावर अखंड बोलणारा समालोचक. चढाईपटू आत आला की डावा कोपरारक्षक घोट्याकडे झेपावतो आणि त्याच क्षणी मध्यरक्षक खांद्यानं अशी डॅश देतो की गडी रेषेबाहेर, थेट पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकांच्या पायांशी. ज्यानं ही धडक जवळून पाहिली आहे, त्याला रग्बीतला टॅकल शिकण्याची भीती इथल्या कुणाला वाटणार नाही हे सांगायला लागत नाही. अंगावर येणाऱ्या माणसाला भिडायचं धाडस ही रग्बीतली शिकवायला सर्वांत अवघड गोष्ट, आणि ती इथल्या मुलांना वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षीच अंगवळणी पडलेली असते.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे, तिच्याकडे कोणी बघत नाही. कबड्डीला वजनाची मर्यादा असते. वरिष्ठ गटात पुरुषांना ८५ किलो, महिलांना ७५. कुमार गटात मुलांना ७०, मुलींना ६५. निवड चाचणीच्या दिवशी सकाळी वजनकाट्यापाशी जी रांग लागते, ती रग्बीच्या माणसानं एकदा येऊन बघावी. आदल्या दिवसापासून धड जेवलेली नसतात पोरं. काही जण अंगात दोन-दोन स्वेटर चढवून मैदानाला फेऱ्या मारत असतात, घाम निघून शेवटचा पाव किलो उतरावा म्हणून. मग काट्यावर उभं राहायचं, श्वास रोखायचा आणि आकडा वाचणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं. काहींचा आकडा काही केल्या खाली येत नाही. कुमार गटातला ७३ किलोचा, वरिष्ठ गटातला ८८ किलोचा, उंच, रुंद, शेताच्या आणि व्यायामशाळेच्या कामानं घडलेला मुलगा बाजूला होतो, पिशवी उचलतो आणि घरी जातो. त्याच्यात खोट काहीच नसते. तो फक्त वजनात बसत नाही.

रग्बीत वजनाची अट नाही. ही लीग ज्या सेव्हन्स प्रकारात खेळली जाते, त्यात तर सात-सात जण पूर्ण आकाराच्या, म्हणजे साधारण १०० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद मैदानावर खेळतात. नव्वद किलोचा असूनही जोरात पळू शकणारा गडी तिथं सोन्याच्या मोलाचा. असा मुलगा शोधायला परदेशात जावं लागत नाही. तो जिल्ह्याच्या निवड चाचणीच्या वजनकाट्याजवळ सापडतो, आणि त्या दिवशी त्याच्याइतका रिकामा, दुखावलेला आणि काहीतरी करून दाखवायला आतुर असलेला खेळाडू दुसरा नसतो.

हे सरळ सोपं आहे असं मी म्हणणार नाही. कबड्डीचं क्रीडांगण १३ मीटर बाय १० मीटरचं, चढाई ३० सेकंदांची. दर चढाईनंतर श्वास घ्यायला वाव असतो. रग्बी सेव्हन्समध्ये तो मिळत नाही. या लीगनं सामना चार-चार मिनिटांच्या चार सत्रांचा केला असला तरी त्या सोळा मिनिटांत छातीचा भाता होतो. दुसरी अडचण सवयीची. कबड्डीपटू एकदा पकडलं की पंचाची शिट्टी वाजेपर्यंत सोडत नाही. तेच त्याला शिकवलेलं असतं. रग्बीत पकडलेला गडी जमिनीवर आला की त्याला लगेच सोडून बाजूला व्हावं लागतं, नाहीतर दंड. पकड खांद्याच्या खालीच हवी, उचलून आपटायचं तर मुळीच नाही. तिसरी गोष्ट सर्वांत वेळखाऊ: हातानं चेंडू पुढे फेकता येत नाही, पळायचं पुढे आणि द्यायचा मागे. हे अंगात मुरायला दोन-तीन वर्षं जातात. एका गोष्टीत मात्र चढाईपटूला आधीच शिकवणी मिळालेली असते. तीन जण कमरेला लोंबकळत असताना हात लांबवून मध्यरेषेला बोट लावायचं, हे तो रोज करतो. ट्रायसाठी गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवताना शरीर नेमकं हेच करतं, आणि त्याचे पाच गुण मिळतात.

म्हणून येत्या हंगामाबद्दल मोठ्या आशा दाखवणं मला पटत नाही. मुंबई ड्रीमर्स या वेळी पहिल्या चारांत आले तर चांगलंच, पण ते बहुतेक परदेशी खेळाडूंच्या जोरावर येतील. खरी भरती आज सुरू केली तर तिचं पीक २०२८ च्या आसपास हाती येईल. अशा भरतीचा फायदा काय, ते पुणेरी पलटणकडे बघून कळतं. १ मार्च २०२४ रोजी त्यांनी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून प्रो कबड्डीचं विजेतेपद मिळवलं. त्या संघात २ कोटी ३५ लाखांना घेतलेला इराणचा मोहम्मदरेझा शादलू होता, हे खरं. पण पुढच्याच लिलावात तो हरियाणाकडे गेला. अस्लम इनामदार आणि त्याच्या बरोबरीची तरुण पोरं राहिली, आणि त्यांच्या बळावर हा संघ २०२५ मध्ये पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला. तिथं दिल्लीनं त्यांना ३१-२८ असं हरवलं, तरी मुद्दा उरतोच. विकत आणलेला जातो, वाढवलेला बराच काळ टिकतो.

फिजी देशाची लोकसंख्या त्यांच्या २०१७ च्या जनगणनेत ९ लाखांच्याही आत होती. आपल्या २०११ च्या जनगणनेत एकट्या कल्याण-डोंबिवली महापालिकेची १२ लाखांवर गेली होती. त्या फिजीनं २०१६ आणि टोकियो अशी ओळीनं दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकं सेव्हन्समध्ये जिंकली. तिथं गावोगावी मोकळं मैदान आणि चेंडू आहे. आपल्याकडे माणसं आहेत. डोंबिवलीत सावळाराम महाराज क्रीडा संकुल आहे, ठाण्यात दादोजी कोंडदेव मैदान आहे. आठवड्यातून दोन सकाळी सहा ते आठ मैदान मिळालं तरी सुरुवात होते. मुंबईत रग्बीचं जुनं घर म्हणजे १८७५ चा बॉम्बे जिमखाना. कल्याणहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला थेट लोकल आहे, हे मान्य. पण पंधरा वर्षांच्या मुलाला सकाळच्या गर्दीत, दारात लोंबकळत तिथं पाठवायला कोणती आई तयार होईल? प्रशिक्षकानं उलट्या दिशेच्या रिकाम्या गाडीनं इकडे यावं. त्याला बसायला जागासुद्धा मिळेल.

मुलींचा विचार तर आधी व्हायला हवा. २०२२ मध्ये जकार्ताला भारताच्या महिलांनी आशियाई सेव्हन्स ट्रॉफी स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं. कोल्हापूरच्या वैष्णवी पाटील आणि कल्याणी पाटील हांगचौच्या आशियाई स्पर्धेत खेळल्या, पुण्याच्या वाहबिझ भरूचानं देशाचं नेतृत्व केलं. ठाणे जिल्ह्याला खो-खोची परंपरा आहे. बदलापूरच्या शिवभक्त मंडळानं महाराष्ट्राच्या संघाला मुली दिल्या आहेत. खो-खोतली पलटी, हुलकावणी आणि खांबाजवळ मारलेला सूर या तिन्हींची सेव्हन्समध्ये रोज गरज पडते.

आता घरातला प्रश्न. मुलगा कबड्डी खेळतो तेव्हा बापाच्या डोळ्यांसमोर पोलिस, बँक, महापालिका, रेल्वे असे संघ असतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, हे इथल्या प्रत्येक घराला तोंडपाठ आहे. ‘रग्बी खेळून पुढे काय?’ याला पंधरा दिवसांची लीग हे उत्तर होऊ शकत नाही. शादलूसारख्यांची बोली कोटींत लागते, रग्बीतल्या भारतीयांच्या बोली अजून लाखांतच आहेत. बिहारनं पदक आणा, नोकरी मिळवा असं धोरण आखलं आणि तिथल्या रग्बीच्या मुली सरकारी सेवेत गेल्या. आपल्याकडे संघमालकांनी निदान बारा महिन्यांचं मानधन, दोन वेळचा चांगला आहार, दुखापतीचा विमा आणि कॉलेजची फी एवढं लेखी द्यावं. तीस मुलांवर वर्षभर होणारा हा खर्च एखाद्या जाहिरात मोहिमेहून जास्त नसेल. तेवढं लिहून दिलं, तर मुलगा मैदानावर पाठवताना घरातलं कोणी आडकाठी करणार नाही, हे मी इथल्या घरांच्या ओळखीवरून सांगतो.

एक शंका संघाचे लोक नक्की काढतील. भारतीय खेळाडू लिलावातून येतात. मग मुंबईनं ठाण्यात पैसे ओतून घडवलेला मुलगा ऐन वेळी हैदराबादनं उचलला तर? उचलू दे. राहुल बोस यांच्या नेतृत्वाखाली रग्बी इंडियानं ही लीग उभी केली ती देशाचा संघ सुधारावा म्हणून. पाचऐवजी पन्नास चांगले भारतीय उपलब्ध झाले तर मुंबईच्या वाट्यालाही चांगलेच येतील. आणि ज्या प्रशिक्षकानं पोराला काट्यावरून उतरताना हाक मारली, त्याच्याकडेच खेळायचं असं मनात धरणारी मुलं आमच्या भागात भरपूर आहेत. जिल्ह्याच्या पुढच्या निवड चाचणीला मुंबई ड्रीमर्सची दोन माणसं, एक स्टॉपवॉच आणि चार चेंडू एवढं आलं तरी पहिल्या दिवसाचं काम भागेल. बाजूला झालेल्या मुलांना त्यांनी शंभर मीटर पळवून बघावं.