प्रार्थनेला वेळ लागत नाही

पावसाळा सुरू झाला की देशातल्या कोणत्या ना कोणत्या जिल्ह्यातून ती बातमी येतेच. रात्री जमिनीवर झोपलेल्या मुलाला साप चावतो, आईवडील त्याला आधी मांत्रिकाकडे किंवा देवस्थानात नेतात आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत मूल गेलेले असते. बातमी चार ओळींची असते. तिच्याखालच्या अभिप्रायांचा ओघ मात्र आटत नाही. ‘अडाणीपणाचा आणखी एक बळी’, ‘अशा आईबापांवरच गुन्हा दाखल करा’, ‘एकविसाव्या शतकातही हे चालते?’ विज्ञानाच्या बातम्या आवर्जून वाचणाऱ्या, स्वतःला विवेकवादी म्हणवणाऱ्या आपल्यासारख्यांचा या ओघात मोठा वाटा असतो. आजचे भांडण आपल्याशीच आहे.

माझे म्हणणे एवढेच: ते मूल वाया गेलेल्या वेळेमुळे मरते, आणि तो वेळ वाया घालवणाऱ्यांच्या यादीत आईवडिलांचे नाव सर्वांत शेवटी लिहावे लागेल.

आधी प्रश्नाचा आकार पाहू. भारतातील मृत्यूंच्या कारणांचा घरोघरी जाऊन शोध घेणाऱ्या ‘मिलियन डेथ स्टडी’च्या आधारे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतील एक चतुर्थांशाहून अधिक १५ वर्षांखालील मुले होती. म्हणजे वर्षाला १४ हजारांहून अधिक, दिवसाला सुमारे चाळीस मुले. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. याच प्रकल्पाच्या २०११ सालच्या विश्लेषणात आणखी एक आकडा आहे: सर्पदंशाच्या मृत्यूंपैकी ७७ टक्के रुग्णालयाबाहेर घडले होते. या आकड्यावर बोट ठेवून आपण म्हणतो, ‘पाहा, लोक रुग्णालयात जातच नाहीत.’ रुग्णालय त्यांच्यापर्यंत किती पोहोचले, हे मात्र आपण विचारत नाही.

आता शहरातील एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाबाहेरचा बाक आठवा. आत कोणाचे तरी मूल कृत्रिम श्वासावर आहे. बाहेर आई डोळे मिटून नामस्मरण करते आहे, बाप नवस बोलतो आहे, आजीच्या मुठीत अंगाऱ्याची पुडी आहे. प्रवेशद्वारापाशी गणपतीची मूर्ती आहे आणि शस्त्रक्रियेआधी तिच्यापुढे हात जोडणारे शल्यविशारदही आहेत. या दृश्याला कोणी अंधश्रद्धा म्हणत नाही. आपण त्याला धीर म्हणतो, आधार म्हणतो. खेड्यातल्या आईची श्रद्धा याहून वेगळी नसते. तोच देव, तोच नवस, तोच थरथरणारा हात. फरक आहे तो दाराआड काय आहे याचा. शहरातल्या दाराआड व्हेंटिलेटर आहे. खेड्यातल्या दाराला अनेकदा कुलूप असते. ज्या श्रद्धेच्या पाठीशी यंत्रणा उभी असते तिला आपण संस्कार म्हणतो आणि ज्या श्रद्धेच्या पाठीशी काहीच नसते तिला अज्ञान. हा विवेक नव्हे. ही सुस्थितीची मिजास आहे.

‘पण मांत्रिकावर विश्वास ठेवणे हा मूर्खपणाच ना?’ असा प्रतिप्रश्न येईल. त्याचे उत्तर गणितात आहे. भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आढळतात आणि त्यांतील बहुसंख्य बिनविषारी आहेत. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो विष सोडतोच असे नाही. असे कोरडे दंशही पुष्कळ असतात. म्हणजे मांत्रिकाकडे आणलेल्यांपैकी बरेच जण काहीही न करता वाचणारच असतात. मंत्र म्हटला काय, कडुनिंबाचा पाला चावायला दिला काय, नुसते गप्प बसले काय, निकाल तोच. गावाला मात्र दिसते ते एवढेच की भगताकडे गेलेली दहा माणसे चालत घरी आली. उलट तालुक्याच्या रुग्णालयात बहुधा उशिराने आणि बिघडलेल्या अवस्थेत नेलेली माणसे पोहोचतात, म्हणून तिथून मृतदेह परत येतात. त्या आईने उघड्या डोळ्यांनी जे पाहिले त्यावरूनच निष्कर्ष काढला. तिचा निष्कर्ष चुकीचा आहे, पण तिची पद्धत आपल्याहून फार वेगळी नाही. तुलना कशाशी करायची, हे शिकवण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांनी ती पार पाडली नाही.

त्यात मण्यारीचा दंश म्हणजे घात. हा साप रात्री बाहेर पडतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावतो. दंशाच्या जागी बहुधा सूज नसते, वेदना नसतात, कित्येकदा व्रणही सापडत नाही. पहाटे मूल पोटात दुखते म्हणून रडत उठते, त्याला उलटी होते. मग पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. साप कोणी पाहिलेलाच नसतो. अशा वेळी ‘मुलाला काय झाले आहे?’ या प्रश्नाला पहाटे चार वाजता उत्तर देणारा माणूस गावात एकच असतो, आणि त्याच्यापाशी अंगारा असतो.

इथे एका जुन्या समजुतीबद्दल बोलले पाहिजे, कारण तिच्यावरच सर्वाधिक हसले जाते. सर्पदंशाने गेलेला माणूस खरा मेलेला नसतो, असे उत्तर भारतात आणि बंगालमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले. मनसादेवीच्या कथेतली बेहुला पती लखिंदरचा देह तराफ्यावर घेऊन निघते आणि देवांकडून त्याचे प्राण परत आणते. त्या कथेच्या आधाराने कितीतरी आईबापांनी आपल्या लेकरांचे देह केळीच्या खांबांच्या तराफ्यावर ठेवून नदीत सोडले. आपण त्यांची कीव करतो. पण वैद्यकशास्त्र काय सांगते? मण्यारीच्या विषाने पूर्ण लुळा पडलेला रुग्ण डोळे उघडू शकत नाही, बोट हलवू शकत नाही. बाहुल्याही प्रतिसाद देत नाहीत. मेंदू मृत झाल्याचा भास व्हावा असे हे रूप असते. तरीही तो शुद्धीवर असू शकतो, भोवतालचे बोलणे ऐकत असू शकतो. त्याचा श्वास कृत्रिम रीतीने काही दिवस चालू ठेवला तर मज्जातंतू पुन्हा सावरतात आणि तो उठून बसतो. अशा रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. म्हणजे ‘माझे बाळ गेलेले नाही’ असे म्हणत देह कवटाळून बसलेला बाप कधीकधी, अगदी शब्दशः, बरोबर असू शकतो. त्याला हवा असतो तो केळीच्या तराफ्याऐवजी हाताने दाबायचा श्वासाचा फुगा, ती साधी अंबू बॅग, आणि ती दाबत रुग्णवाहिकेत बसणारा एक माणूस.

तो माणूस कुठे असतो? प्राथमिक आरोग्य केंद्राची पाटी असते. प्रतिसर्पविष, ज्याला लोक सापाची लस म्हणतात, राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे. भुकटीच्या रूपातल्या कुप्यांना गोठणशीत साठवणही लागत नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषांवर ते एकच औषध चालते. घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासे झाले आहे का, हे ओळखायला कोरडी, स्वच्छ काचेची नळी आणि २० मिनिटे पुरतात. एवढे सोपे असूनही अनेक ठिकाणी पहिला शब्द असतो ‘पुढे न्या’. कधी कुप्या संपलेल्या असतात. कधी त्या असतात, पण औषधाची तीव्र प्रतिक्रिया येईल या भीतीने डॉक्टर सुई टोचायला धजत नाहीत. ती प्रतिक्रिया येऊ शकते हे खरे. पण तिच्यावरचा उपाय, अ‍ॅड्रेनलीन, तितकाच परिचित आणि स्वस्त आहे. त्या डॉक्टरला ना प्रशिक्षण मिळालेले असते, ना रुग्ण दगावल्यास पाठीशी उभे राहणारे कोणी. मांत्रिकाने तास घालवला म्हणून आपण संतापतो. केंद्राकेंद्रांतून ‘पुढे न्या’ ऐकत गेलेले तीन तास मात्र कोणाच्याच खाती जमा होत नाहीत.

विज्ञानानेही आपले घर पुरते आवरलेले नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली दाखवून दिले की बाजारातले प्रतिसर्पविष या चौघांपलीकडच्या काही विषारी सापांवर तोकडे पडते आणि विषाचे स्वरूप प्रदेशागणिक बदलते. देशातील औषधनिर्मितीसाठी लागणारे विष प्रामुख्याने तमिळनाडूतील इरुळा समाजाच्या, १९७८ साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येते. ज्या आदिवासी ज्ञानाला आपण मागास समजतो त्याच्याच हातांवर आपले आधुनिक औषध उभे आहे, हेही टोमणे मारताना आठवावे.

याचा अर्थ मांत्रिक निर्दोष आहे असा मुळीच नाही. ‘आमची परंपरा’ म्हणून त्याचे समर्थन करणाऱ्यांशीही माझे तेवढेच भांडण आहे. मुलाची मान लुळी पडलेली दिसत असताना ‘विष उतरते आहे, अजून दोन तास थांबा’ असे सांगणारा माणूस श्रद्धा जपत नाही, आईच्या भीतीवर उदरनिर्वाह करतो. आणि त्याला संरक्षण देणारा पुढारी त्याचा भागीदार असतो. महाराष्ट्राने या बाबतीत एक नेमकी रेषा आखली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरवला आहे. रोखणारा गुन्हेगार ठरतो. हात जोडणारी आई नाही. आपल्या अभिप्रायांपेक्षा हा कायदा अधिक समंजस आहे.

प्रार्थनेला वेळ लागत नाही, विधीला लागतो. प्रार्थना मोटारसायकलवर मागे बसून करता येते, रुग्णवाहिकेत करता येते, सलाईनच्या बाटलीकडे पाहत करता येते. ज्या देवाला मुलाचे प्राण वाचवायचे आहेत त्याला भक्ताने रस्त्यात हाक मारलेली चालते, हे सांगण्यासाठी नास्तिक असण्याची गरज नाही. उलट हे गावच्या पुजाऱ्याने सांगितले तर अधिक ऐकले जाईल. राजस्थानात तेजाजीच्या नावाने धागा बांधतात. तो बांधून लगेच गाडीत बसवणारा भोपा मुलाचा पहिला प्राणरक्षक ठरू शकतो.

वेळ वाचवला की काय घडते, याचा दाखला आपल्या शेजारी, आग्नेय नेपाळच्या तराईत आहे. तिथल्या काही गावांत सर्पदंश झालेल्याला तातडीने उपचार केंद्रात नेण्यासाठी मोटारसायकलस्वार स्वयंसेवक नेमले गेले आणि सोबत लोकशिक्षण झाले. दंश झालेल्यांमधील मृत्यूचे प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आले. त्यासाठी कोणाचा देव बदलावा लागला नाही. फक्त बोलावल्यावर येणारे वाहन आणि पोहोचल्यावर मिळणारे औषध लागले.

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाविषयीची राष्ट्रीय कृतियोजना जाहीर केली. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची करावी, असे राज्यांना कळवण्यात आले. योजना चांगली आहे. तिची कसोटी दिल्लीत लागणार नाही. जुलै महिन्यातल्या रात्री दोन वाजता, वीज गेलेली असताना, ज्या केंद्राचे दार एक बाप ठोठावेल तिथे ती लागेल.

म्हणून पुढच्या वेळी ती चार ओळींची बातमी वाचाल तेव्हा अभिप्राय लिहिण्यापूर्वी थोडे थांबा. ‘अडाणी’ हा शब्द खोडा आणि त्याजागी प्रश्न लिहा: सर्वांत जवळचे केंद्र किती अंतरावर होते? तिथे कुप्या होत्या का? डॉक्टर हजर होता का? रुग्णवाहिका किती वेळात आली? त्या केंद्राचे आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याचे उत्तर मागा. त्या आईला मात्र काही विचारू नका. त्या रात्री तिच्याजवळ जे होते ते सगळे तिने पणाला लावले होते. आपल्याकडे जे होते ते आपण तिच्या गावापर्यंत पोहोचवले नाही.