बांधावरचें जांभूळ आणि सिरका

ज्येष्ठ-आषाढांत बांधावरच्या जांभळीखालीं जो सडा पडतो त्याचें काय करावें, हा प्रश्न आमच्या शेतकरी बंधूंनीं फारसा मनावर घेतलेला दिसत नाहीं. दोन टोपल्या बाजारास जातात, उरलेलें फळ पायदळीं तुडविलें जातें, आणि कांहीं वर्षांनीं 'सावली पडते, पीक येत नाहीं' या सबबीवर झाडच विकलें जातें. सातबाऱ्याच्या शेऱ्यांत झाडांच्या नोंदी लिहिण्यांत आमची हयात गेली. तींच झाडें तोडण्याच्या परवानगीचे अर्जही आम्हीं पुष्कळ पाहिले. त्याच घरीं लग्नकार्य निघालें म्हणजे रंगीत पाण्याच्या बाटल्या मात्र रोखीनें येतात!

फळ व सिरका यांचें पेय नवें नव्हे. यूनानी वैद्यकांतील सिकंजबीन हें नांवच सिरका आणि मध या अर्थाच्या दोन फारसी शब्दांचें बनलें आहे. कोंकणांत सिरक्यावांचून भागतें, कारण कोकमास आंबटपणा उपजतच असतो. सालींस साखरेचे थर देऊन बरणी उन्हांत ठेविली कीं अमृतकोकम झालें. कैरीचें पन्हें सर्वांस ठाऊकच आहे. जांभळांत मात्र तुरटपणा अधिक. त्यास सिरक्याची जोड मिळाली म्हणजे चव उठते व रसही टिकतो.

कृति अशी. झाडाखालीं कापड अंथरून झेललेलीं, न फुटलेलीं, पिकलीं जांभळें धुवून बिया काढाव्या. एक किलो गरास अर्धा लिटर सिरका घालून कांचेच्या बरणींत तीन दिवस झांकून ठेवावें व रोज लांकडी चमच्यानें ढवळावें. मग फडक्यांतून गाळावें. एक लिटर रसास पाऊण किलो साखर घालून मंद आंचेवर दहा मिनिटें उकळावें व निवाल्यावर उकळून कोरड्या केलेल्या बाटल्यांत भरावें. पितांना एक भाग सरबत, सहा भाग गार पाणी आणि चिमूटभर सैंधव. तांब्या-पितळेच्या भांड्यास या कामीं हातही लावूं नये. आंबट रस धातूस खातो व पिणारास अपाय होतो. स्टीलचें पातेलें बरें.

सिरका कोणता, हा खरा मुद्दा आहे. दुकानांत स्वस्त मिळतो तो बहुधा ॲसेटिक आम्लांत पाणी घालून केलेला असतो. कायद्यानें त्या बाटलीवर तसें लिहावें लागतें, पण वाचतो कोण? ऊंस वा फळ आंबवून केलेलाच घ्यावा. तो घरीं कां करूं नये, असें कोणी विचारील. रसांतील साखरेचें प्रथम मद्य होतें, आणि त्या मद्यावर हवेंतील प्राणवायूच्या साह्यानें दुसरे सूक्ष्म जंतु काम करतात तेव्हां सिरका होतो. पाश्चर यानें १८६० नंतरच्या दशकांत हेंच दाखवून दिलें. म्हणजे वाट मद्यावरून जाते, आणि १९४९ चा मद्यनिषेध कायदा आपल्या राज्यांत आहे. ज्यास मोठ्या प्रमाणावर करावयाचें असेल त्यानें आधीं उत्पादनशुल्क कचेरींत विचारावें. सरकारी कागदाशीं खेळ करूं नये, हें आम्ही अनुभवानें सांगतों. वरील कृतींत तयार सिरकाच वापरला असल्यानें ही अडचण येत नाहीं.

आणखी एक. जांभूळ मधुमेहावर गुणकारी, अशी समजूत घरोघर आहे. पाऊण किलो साखर घातलेलें सरबत त्या नांवाखालीं मधुमेह्यानें पिऊं नये. आम्लपित्त असणारानेंही जपून घ्यावें.

खर्च पाहतां साखर व सिरका एवढाच रोख, फळ बांधावरचें. प्रथम एकाच किलोचें करून पाहावें. बाटलींत फेस आला किंवा बूच उडालें तर तें ओतून द्यावें, मोह धरूं नये. यंदा कोणीं केलें व बिघडलें, तर कसें बिघडलें तेंही या मासिकाकडे लिहून कळवावें.