चेंडू खुळखुळला, आपण ऐकला का?

२०२५ चा नोव्हेंबर आठवतोय? २ तारखेला नवी मुंबईत हरमनप्रीतच्या टीमनं वर्ल्ड कप जिंकला आणि त्या रात्री आपल्या सगळ्यांच्या स्टेटसला दुसरं काहीच नव्हतं. आता सांगा, २३ तारखेला काय झालं?

त्या दिवशी कोलंबोत भारतीय मुलींनी आणखी एक वर्ल्ड कप जिंकला. दृष्टिहीन महिलांचा पहिलावहिला टी-२० वर्ल्ड कप. फायनलमध्ये नेपाळला ७ विकेट्सनी हरवलं. कॅप्टन कर्नाटकची दीपिका टी. सी., व्हाइस कॅप्टन आपल्या महाराष्ट्राची गंगा कदम.

बातम्या आल्या, नाही असं नाही. पण बऱ्याच ठिकाणी तेच ठरलेलं हेडिंग, ‘अंधत्वावर मात’. मला ही ‘मात’ खटकते. या मुलींची नजर काही बदललेली नाही. बदललाय तो खेळ. प्लास्टिकच्या चेंडूत छर्रे असतात, तो खुळखुळतो. बॉलर ‘रेडी?’ विचारते, बॅटरनं ‘येस’ म्हटलं की ‘प्ले’ म्हणत अंडरआर्म चेंडू टाकते. अकरांत किमान चार जणी पूर्ण दृष्टिहीन, म्हणजे ‘बी-१’ गटातल्या लागतात आणि त्यांनी काढलेली प्रत्येक रन दुप्पट मोजली जाते.

‘दुप्पट? मग ही सवलतच झाली ना!’ असं मनात आलं असेल, तर जरा थांबा. नुसत्या आवाजावर चेंडूचा अंदाज घेऊन एक रन काढून बघा, मग बोलू. शिवाय या नियमामुळे बी-१ खेळाडू टीममध्ये नावापुरती उरत नाही. कॅप्टनला ती हवीच असते.

परीक्षेच्या वेळी आपल्याकडेही हेच चालतं. रायटर घेणाऱ्या मित्राला जादा वेळ मिळाला की मागून कुजबुज होते, ‘याची मजा आहे यार!’ प्रश्नपत्रिका ऐकायची, उत्तर मनात जुळवायचं आणि दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं, यात कसली मजा?

कायदा आपल्यापेक्षा पुढे गेलाय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत किमान ५ टक्के जागा राखीव ठेवल्या. दृष्टिहीनांना न्यायाधीशपदापासून दूर ठेवणारा मध्य प्रदेशचा नियम सुप्रीम कोर्टानं मार्च २०२५ मध्ये रद्द केला. दिसत नाही म्हणून न्याय देता येणार नाही, हे कोर्टाला मान्य नव्हतं.

मैदानावर मात्र गाडी अडते. हरमनप्रीतच्या टीमला बीसीसीआयनं ५१ कोटी जाहीर केले. ब्लाइंड क्रिकेट बीसीसीआय चालवतच नाही, त्याची संघटना वेगळी. कप दोन्हीकडे देशाचाच.

आणि आपलं कॉलेज? ५ टक्क्यांतून आलेला मुलगा वर्गात असतो, स्पोर्ट्स डेला कुठे असतो? टीम सिलेक्शनची नोटीस जिमखान्याच्या बोर्डावर लागते, कागदावर छापलेली. ती त्याला वाचून कोण दाखवतं? उद्या जिमखान्यात गेलात, तर सरांना एवढंच विचारा, कपाटात खुळखुळणारा चेंडू आहे का?