लॅबमध्ये चालणारा सी प्रोग्राम घरी का अडतो?

सेमिस्टर सुरू झालं की ज्युनियर मुलांचे स्क्रीनशॉट यायला लागतात. हल्ली त्यात एकच तक्रार असते: कॉलेजच्या लॅबमध्ये निमूट चालणारा सी प्रोग्राम घरच्या नव्या लिनक्सवर किंवा फोनमधल्या टर्मक्सवर अडतो. मग कंपायलर काढायचा, परत टाकायचा, आणि पुन्हा तीच एरर.

कंपायलर नीटच बसलेला असतो. टर्मिनलवर जीसीसीची आवृत्ती विचारली आणि आकडा दिसला, की तो विषय संपला. (नाहीच दिसला तर उबुंटूवर बिल्ड-इसेन्शियल टाका, मेक आणि सी प्लस प्लसचा कंपायलरही सोबत येतो.)

बदललेत ते नियम. आधी घोषित न केलेलं फंक्शन वापरलं तर पूर्वी नुसती वॉर्निंग यायची, आणि वॉर्निंग वाचतो कोण? मे 2024 मध्ये आलेल्या जीसीसी 14 पासून तिथे थेट एरर येते. खरं तर सी भाषेच्या 1999 च्या मानकातूनच ही सवलत गेली होती, कंपायलरने पुढची 25 वर्षं चालवून घेतलं. क्लँगने हेच 2023 मध्ये, 16 व्या आवृत्तीत केलं. टर्मक्समध्ये तुम्ही जीसीसी टाइप केलंत तरी आत क्लँगच चालतो, म्हणून फोनवर ही एरर आधीपासून दिसते. उबुंटू 24.04 वर जीसीसी 13 आहे, डेबियन 13 वर 14, फेडोरा 42 वर 15. म्हणजे तोच प्रोग्राम एकीकडे पास, दुसरीकडे नापास.

सगळ्यात जास्त अडतो तो गेट्स. युजर किती अक्षरं टाकतोय हे तो बघतच नाही, म्हणून 2011 च्या मानकाने त्याला हाकलला. जुन्या लॅब मॅन्युअलमध्ये मात्र तो अजून ठाण मांडून आहे. त्याच्या जागी एफगेट्स वापरा. फक्त तो एंटरचं अक्षरही स्ट्रिंगमध्ये ठेवतो, ते काढून टाका.

एवढा कडकपणा कशाला? घोषणा नसली की कंपायलर धरून चालायचा की फंक्शन इंट देतं, म्हणजे 32 बिट. दुसऱ्या फाइलमधलं तुमचं फंक्शन पॉइंटर देत असेल तर ते 64 बिट असतात. अर्धा पत्ता कापला जायचा आणि प्रोग्राम कधी चालायचा, कधी ऐन तोंडी परीक्षेत कोसळायचा. एफ-परमिसिव्ह हा पर्याय दिला की जीसीसी 14 पुन्हा वॉर्निंगवर येतो. सबमिशनच्या आदल्या रात्री ठीक आहे, पण मी तो मेकफाइलमध्ये ठेवणार नाही.

जीसीसी 15 ने डिफॉल्ट सी 23 केलंय. त्यात बूल, ट्रू, फॉल्स हे कीवर्ड आहेत, त्यामुळे स्वतःचा बूल टाइप बनवणारे जुने प्रोग्राम अडतात. ती ओळ काढा, झालं.

लिंकरची एरर वेगळी. 'एलडी रिटर्न्ड वन एक्झिट स्टेटस' ही शेवटची ओळ सगळे कॉपी करून पाठवतात. तिच्यात काहीच नसतं, वरची ओळ वाचा. तिथे 'अनडिफाइन्ड रेफरन्स' असेल तर पत्रिकेवर नाव आहे, पण माणूस मांडवात आलेला नाही. गणिताची हेडर फाइल म्हणजे फक्त पत्रिका. लायब्ररी जोडायला मायनस एलएम लागतं, आणि उबुंटूवर ते तुमच्या फाइलच्या नावानंतरच. गंमत म्हणजे 16 चं वर्गमूळ त्याशिवायही निघतं, कारण ठरलेल्या आकड्याचं उत्तर कंपायलर स्वतःच काढून ठेवतो. व्हेरिएबल दिलं की अडतो.

आणि 'मल्टिपल डेफिनिशन' आलं तर हेडरमध्ये ग्लोबल व्हेरिएबल आहे का बघा. 2020 च्या जीसीसी 10 पासून ते चालत नाही. हेडरमध्ये एक्स्टर्न लिहा आणि खरं व्हेरिएबल एकाच सी फाइलमध्ये ठेवा.